१५००डी वर ७०-२०० लेन्स घ्यायची आहे: एफ/२.८ की एफ/४? (नाटक, कबड्डी, थोडी शिवडी)

विंगेतून (प्रश्न)

नमस्कार मंडळी. कॅमेरा कॅनन १५००डी आहे, सोबत किटमध्ये आलेल्या १८-५५ आणि ५५-२५० मिमी लेन्स. काम तीन तऱ्हेचं.

एक, एकांकिका स्पर्धा आणि प्रायोगिक नाटकं. दादर-माटुंग्याची मोठी नाट्यगृहं, कधी शे-दीडशे खुर्च्यांचे हॉल. जागा बहुतेक तिसऱ्या ते आठव्या रांगेत, कडेला. दोन, प्रभादेवी-लालबाग पट्ट्यातले कबड्डीचे सामने, दिवेलागणीनंतरचे. तीन, थंडीपासून मेपर्यंत शिवडी नाहीतर ऐरोलीला फ्लेमिंगो. पहिल्या दोन कामांचे थोडेफार पैसे मिळतात, तिसरी निव्वळ हौस.

अडचण उजेडाची. ५५-२५० लांब टोकाला एफ/५.६ वर अडकते (एफपुढचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं छिद्र लहान). आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ६४०० लावूनही नाटकात शटर १/१२५ सेकंदाच्या पुढे सरकत नाही. नट उभा राहून बोलत असेल तर निभतं, वळला की चेहऱ्याचा लगदा. कबड्डीचं तर बोलायलाच नको.

बजेट ८० हजार, फार ताणलं तर ९०. डोक्यात असलेली यादी: कॅनन ७०-२०० एफ/४ एल आयएस (एल म्हणजे कॅननची वरची मालिका, आयएस म्हणजे लेन्समधलं स्थिरीकरण), ७०-२०० एफ/२.८ एल आयएस २ (वापरलेली), टॅमरॉन ७०-२०० एफ/२.८ जी२, सिग्मा १००-४००. दुकानदार म्हणतो, एवढ्या साध्या बॉडीवर (म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर) एवढी महाग लेन्स म्हणजे पैसे वाया, आधी बॉडी बदला. खरं आहे का? आणि दीड किलोची लेन्स या बॉडीला पेलते का?

---

एकस्टॉप

दुकानदाराचं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं तुमच्याच प्रश्नात आहे: शटर १/१२५ वर अडकतं ते बॉडीमुळे नव्हे, एफ/५.६ मुळे. एफ/५.६ वरून एफ/२.८ ला आलात की चौपट उजेड आत येतो. त्याच नाटकात, त्याच आयएसओ ६४०० ला, १/१२५ चं १/५०० होईल. किंवा शटर १/२५० ठेवून आयएसओ ३२०० वर उतरता येईल, आणि १५००डी च्या फाइलमध्ये ३२०० आणि ६४०० यांत डोळ्यांना दिसेल एवढा फरक आहे. नवी बॉडी घेऊन पुढे हीच ५५-२५० लावलीत, तर स्वच्छ फाइलमध्ये तोच हललेला चेहरा मिळेल.

एफ/४ म्हणजे बरोब्बर मधला मुक्काम, दुप्पट उजेड. १/१२५ चं १/२५०. बोलत्या नाटकाला पुरतं. नाच, मारामारी, झटकन वळणं असेल तर काठावर. कबड्डीला १/६४० च्या खाली हात-पाय पुसट होतात. ज्या मैदानावर एफ/२.८ ला आयएसओ ६४०० वर १/६४० मिळेल, तिथे एफ/४ ला १/३२० आणि तुमच्या सध्याच्या लेन्सला १/१६०. १५००डी ला ६४०० च्या वर फक्त विस्तारित १२८०० उरतं, ते नसल्यात जमा धरा.

आयएसचा घोळ इथेच काढून टाकतो. लेन्सवरचं स्थिरीकरण तुमच्या हाताची थरथर थांबवतं, नटाची नाही. ‘चार स्टॉपचा आयएस’ (एक स्टॉप म्हणजे उजेडाची एक दुप्पट) असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ स्थिर वस्तू १/२० लाही स्पष्ट येऊ शकते एवढाच. चढाईपटूच्या पायाला त्याचा काही उपयोग नाही. त्यामुळे ‘एफ/४ ला आयएस आहे, एक स्टॉप भरून निघेल’ हा हिशेब तुमच्या दोन्ही कामांना लागू नाही.

आता बॉडीची बाजू, कारण ती खोटी नाही. १५००डी मध्ये नऊ फोकस पॉइंट, त्यांतला फक्त मधला क्रॉस टाइप (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा). मंद उजेडात बाकीचे आठ विसरा. मधला पॉइंट डोळ्यावर ठेवायचा, भोवती जागा सोडायची आणि नंतर कातरायचं. २४ मेगापिक्सेल आहेत. रुंदी निम्मी केली तरी साधारण ३००० × २००० उरतात, ए४ छापायला चालतात. सेकंदाला तीन फ्रेम. रॉमध्ये (सेन्सरची कच्ची फाइल) दहा-अकरा फ्रेम झाल्या की बफर (कार्डावर जाण्याआधीची तात्पुरती जागा) भरतो आणि ऐन पकडीत कॅमेरा गप्प. म्हणून कबड्डीला जेपीईजी आणि नाटकाला रॉ, असं वाटून घ्या. तीन फ्रेमच्या कॅमेऱ्यात बोट दाबून ठेवण्यापेक्षा एकेक फ्रेम वेळेवर मारलेली बरी.

माझं मत: पैसे नाटक-कबड्डीतून यायचे असतील तर एफ/२.८, वापरलेली. या बजेटमध्ये कॅननची नवी मिळणार नाही.

---

मॅटबाहेर

एफ/२.८ ला विरोध नाही, पण ७० मिमीचा विचार कोणी करत नाही म्हणून लिहितोय. १५००डी चा सेन्सर २२.३ × १४.९ मिमी. त्रैराशिक सोपं: अंतराला २२.३ ने गुणा, फोकल लेंग्थने भागा, चौकटीत मावणारी रुंदी मिळते.

७० मिमीला ५ मीटरवर १.६ मीटर रुंदी मावते. १० मीटरवर ३.२. आठवी रांग रंगमंचापासून १२ मीटर धरली तर ३.८. म्हणजे पूर्ण रंगमंच, समूहदृश्य, शेवटचा नमस्कार यांतलं काहीही ७०-२०० मध्ये मावणार नाही. त्याला १८-५५ लागेल आणि लेन्स बदलायला अंधारात एक मिनिट जाईल. तिसऱ्या रांगेतून तर दोन पात्रं अंतर राखून उभी असली तरी एक कापलं जाईल. उलट २०० मिमीला १२ मीटरवरून १.३ मीटर रुंदी, म्हणजे कॅमेरा उभा धरला की कमरेपासून वरचा माणूस ऐसपैस. लांब टोक नाटकाला मुबलक आहे, आखूड टोकाची बोंब आहे.

कबड्डीत हेच जास्त बोचतं. पुरुषांचं मैदान १३ × १० मीटर. मध्यरेषेजवळ कडेला बसलात तर जवळच्या लॉबीतली (मैदानाच्या कडेच्या पट्टीतली) पकड तीन मीटरवर होते. ७० मिमीला तिथे एक मीटरही रुंदी मावत नाही, धड आणि अर्धे हात. त्यापेक्षा अंतिम रेषेच्या मागे दोन मीटर, कोपऱ्यात बसा. मध्यरेषा तिथून साडेआठ मीटरवर येते, ७० मिमीला २.७ × १.८ मीटरची चौकट, उभा माणूस पूर्ण. आणि फोकस समोरच्या अर्ध्या मैदानावर ठेवा. त्या बाजूला शिरलेला चढाईपटू जाताना पाठमोरा असतो, पण परत येताना तोंड तुमच्याकडे असतं आणि बचावपटू घोट्याला लटकलेले असतात. चित्र त्या दीड सेकंदात आहे. तुमच्या बाजूच्या अर्ध्यातली पकड सरळ सोडून द्या, निदान या लेन्सने तरी.

म्हणून पैसे खर्चण्याआधी एक काम करा. आजवरचे फोटो फोकल लेंग्थप्रमाणे लावून बघा. लाइटरूममध्ये किंवा फुकटच्या डिजीकॅममध्ये ही सोय आहे. ठेवलेले, म्हणजे दिलेले, छापलेले फोटो मोजा, मारलेले नव्हे. ५५ ते ९० मध्येच गर्दी असेल तर तुम्हाला ७०-२०० नकोच, ८५ एफ/१.८ हवी. ती ४२५ ग्रॅमची, एफ/२.८ पेक्षाही सव्वा स्टॉप उजळ, आणि वापरलेली घेतली तर बजेटचा मोठा भाग शिल्लक राहतो.

---

एकस्टॉप

मॅटबाहेर, ८५ चा मुद्दा मान्य, पण एफ/१.८ ला जवळच्या अंतरावर खोली (पुढेमागे सुस्पष्ट दिसणारा पट्टा) इतकी कमी की या बॉडीचा फोकस पुरा पडत नाही. ७०-२०० चंही तेच. २०० मिमी, एफ/२.८, ५ मीटर: या सेन्सरवर सुस्पष्ट पट्टा जेमतेम ६-७ सेंटिमीटर. डोळा स्पष्ट, कान गेला. १० मीटरवर तोच पट्टा पाव मीटरच्या वर जातो. उघडी लेन्स म्हणजे चुकीला माफी कमी, हे विंगेतून यांनी धरूनच चालावं.

---

विंगेतून

फोटो लावून बघितले. नाटकाचे दोनतृतीयांश १०० च्या वर, कबड्डीचे बहुतेक ५५ ते १२०. म्हणजे नाटकाला ७०-२००, कबड्डीला ८५? आणि वजनाचं कोणी बोललं नाही.

---

बोराबझार फेरी

वजन. १५००डी साधारण ४७५ ग्रॅम. ७०-२०० एफ/२.८ एल आयएस २ ही १,४९० ग्रॅम, टॅमरॉन जी२ जवळपास तेवढीच. एफ/४ एल आयएस ७६० ग्रॅम, म्हणजे निम्मी. माउंट धातूचा आहे, तुटत बिटत नाही. फक्त कॅमेरा धरून लेन्स लटकवायची नाही, लेन्स धरून कॅमेरा लटकू द्यायचा. डावा तळवा कॉलरच्या (लेन्सभोवतीच्या कड्याच्या) खाली, पट्टा कॉलरला, मोनोपॉड (एकपायी काठी) कॉलरला. बॉडीच्या तळाला मोनोपॉड लावाल तर लेन्स पुढे झुकेल आणि सगळा ताण माउंटवर. एफ/२.८ सोबत कॉलर येते. एफ/४ ला ती वेगळी विकत घ्यावी लागते, भाव विचारताना हे धरा. नाटकाच्या दोन अंकांना मोनोपॉड हवाच, नाहीतर मध्यंतरानंतर हात थरथरायला लागतो आणि दोष लेन्सला जातो.

वापरलेली घेणार असाल तर फोर्टात बोरा बझारला जा, पण संध्याकाळी घाईत नको. सकाळी दुकान उघडताना, स्वतःचा कॅमेरा, भरलेली बॅटरी, मोबाइलचा टॉर्च आणि एक वर्तमानपत्र घेऊन जा. तपासायचं ते असं.

आधी अंग. फिल्टरच्या आट्यांवर चेप म्हणजे लेन्स पडलेली आहे. माउंटच्या स्क्रूंची डोकी खरवडलेली म्हणजे उघडलेली आहे. उघडणं पाप नाही, पण का उघडली ते विचारा आणि दुरुस्तीची पावती मागा. झूम रिंग शेवटपर्यंत सारख्या जडपणाने फिरली पाहिजे. कचकच आली तर वाळू. चौपाटीवरच्या लग्नाआधीच्या शूटच्या लेन्स अशा बऱ्याच फिरतात.

मग काच. मुंबईत वापरलेल्या लेन्सचा पहिला शत्रू बुरशी. ईएफ लेन्स (कॅननच्या डीएसएलआर माउंटची, तुमच्या यादीतल्यासारखी) कॅमेऱ्यावरून काढली की तिचं छिद्र पूर्ण उघडंच राहतं, त्यामुळे काही दाबावं लागत नाही. दोन्ही झाकणं काढा, मागून टॉर्च तिरका मारा, पुढून बघा, मग उलटं. ७० ला आणि २०० ला, दोन्हीकडे. धुळीचे ठिपके असले तर सोडून द्या, फोटोत दिसत नाहीत. कोळिष्टकासारखे फाटे फुटलेले धागे दिसले तर लेन्स खाली ठेवा. ‘साफ करून देतो’ म्हणतील. बुरशी निघते, पण तिने खाल्लेलं कोटिंग परत येत नाही. सगळी काच दुधाळ दिसली तर हेझ. रंगमंचावरचा दिवा चौकटीत आला की अख्खं चित्र फिकट होईल. कडेला इंद्रधनुषी चकती दिसली तर आतल्या चिकटवलेल्या भिंगांचा जोड सुटलाय, तीही नको.

छिद्राची पाती. एम मोड (सगळं हाताने ठरवायचा), एफ/१६, शटर दोन सेकंद, आणि शटर दाबून पुढून लेन्समध्ये बघा. पाती झटकन मिटली आणि झटकन उघडली पाहिजेत, तेलाचा डाग नको. त्यानंतर ७०, १३५, २०० या तिन्हीला एफ/२.८, एफ/५.६, एफ/११ वर एकेक फोटो. एफ/२.८ ला सुरळीत आणि छिद्र मिटवायला लावलं की ‘एरर ०१’, हे छिद्राची आतली पट्टी-केबल गेल्याचं नेहमीचं लक्षण. विकणारा एफ/२.८ लाच दाखवेल, ध्यानात ठेवा.

आयएस: २०० ला, बटण अर्धं दाबा, चित्र एकदा किंचित हलून स्थिरावलं पाहिजे. बारीक गुणगुण चालते, खडखड नाही. स्थिरावल्यावर चित्र स्वतःहून एका बाजूला सरकत राहिलं तर आयएस युनिट आजारी आहे.

भिंगं वाकडी बसलीत का ते वर्तमानपत्रावर. पान भिंतीला चिकटवा, कॅमेरा समांतर, एफ/२.८, चार कोपरे ताडून बघा. तीन स्पष्ट आणि एक पुसट म्हणजे लेन्स पडलेली आहे, बाहेरून कितीही गोरी दिसो. इथे एक मेख आहे: १५००डी चा सेन्सर लेन्सच्या चित्राचा मधलाच भाग घेतो, त्यामुळे थोडा वाकडेपणा लपून जातो. पुढे फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) गेलात की बाहेर येईल. जमलं तर दुकानातली ६डी वगैरे फुल फ्रेम बॉडी मागून तीवर लावून बघा.

शेवटचं आणि तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं, फोकस पुढेमागे बसतो का. १५००डी मध्ये लेन्सनुसार फोकसचं सूक्ष्म समायोजन नाही. मोठ्या बॉडीत मेनूमधून निस्तरता येतं, इथे नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर, २०० मिमी, एफ/२.८, पाच मीटरवर डब्यावरचा छापील मजकूर. आधी लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर बघून) फोकस करून एक फोटो, तो प्रमाण. मग व्ह्यूफाइंडरमधून पाच, दर वेळी फोकस अनंतावर फिरवून मग बटण अर्धं दाबायचं. पाचही प्रमाणाइतके स्पष्ट, तर घ्या. पाचही सारखेच पुसट, तर लेन्स-बॉडीची जोडी जुळत नाही. सर्व्हिस सेंटरला दोन्ही देऊन जुळवता येते, पण तो खर्च भावातून वजा करा. पाचांत दोन स्पष्ट, तीन वेगवेगळ्या तऱ्हेने पुसट, तर आधी ट्रायपॉड नीट घट्ट करून पुन्हा बघा. तरीही तसंच असेल तर सोडा.

इथेच टॅमरॉन जी२ चा एक फायदा. तिचा टॅप-इन कन्सोल वेगळा मिळतो, त्याने लेन्समध्येच फोकस दुरुस्त करता येतो, कॅमेऱ्यात सोय असो नसो. तुमच्यासारख्या बॉडीला ही सोय मोलाची. सिग्माचा यूएसबी डॉकही तेच करतो.

आणि एक जपून: आरएफ किंवा आरएफ-एस (कॅननच्या मिररलेस कॅमेऱ्यांच्या) लिहिलेली लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी १५००डी वर बसत नाही. उलटं चालतं. ईएफ लेन्स उद्या आर१० सारख्या मिररलेस बॉडीवर कॅननच्या अ‍ॅडॉप्टरने लागते आणि फोकसही करते. ‘आधी बॉडी की आधी लेन्स’ याचं उत्तर मला तरी इथेच दिसतं. थर्ड पार्टी जुन्या लेन्सला मात्र नव्या बॉडीसाठी फर्मवेअर अपडेट लागू शकतो. कन्सोल तिथेही कामाला येतो.

---

खाडीकाठ

शिवडीबद्दल कोणी बोलेना म्हणून मी. या कामासाठी लेन्स विकत घेऊ नका, भाड्याने आणा. २०० मिमीला ५० मीटरवर साडेपाच मीटर रुंदी मावते, म्हणजे मीटर-सव्वामीटरचा पक्षी चौकटीच्या पाचव्या हिश्शात. ४०० मिमीला २.८ मीटर, तेव्हा कुठे एकट्या पक्ष्याचं चित्र होतं. थवा आणि मागे अटल सेतू, असं चित्र हवं असेल तर मात्र तुमची ५५-२५० सुद्धा उत्तम. दुपारी उजेड भरपूर असतो, एफ/५.६ चं तिथे काही अडत नाही.

शिवडीची जेट्टी पूर्वेला तोंड करून आहे. सकाळी सूर्य समोर, पक्षी काळे. दुपारनंतर उजेड पाठीमागून येतो, गुलाबी रंग तेव्हाच दिसतो. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून जा. पूर्ण ओहोटीला चिखल दूरवर उघडा पडतो आणि पक्षी त्या टोकाला. पूर्ण भरतीला उभं राहायला जागाच नसते, उडून जातात. पाणी चढत असताना ते काठाकडे ढकलले जातात, तो काळ आपला. उन्हं तापली की चिखलावरची हवा थरथरते, आणि मग पाच लाखांची लेन्स लावा, पिसं विरघळलेलीच दिसणार. लोक त्याला फोकसचा दोष समजून लेन्स परत करतात.

ऐरोलीच्या बोटीत ट्रायपॉड-मोनोपॉड टेकवू नका, इंजिनाची थरथर त्यातून थेट कॅमेऱ्यात येते. हातात धरा, १/१००० च्या वर शटर.

टेलिकन्व्हर्टरचा (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसून फोकल लेंग्थ वाढवणाऱ्या जोडभिंगाचा) विचार मनात येईलच. एफ/२.८ वर कॅननचा २एक्स लावला की १४०-४०० एफ/५.६ होते आणि १५००डी फोकस करतो, पण रखडत. २एक्स लागल्यावर लेन्सचा फोकसचा वेग कॅननने मुद्दामच ७५ टक्क्यांनी कमी केलेला असतो. बसलेल्या पक्ष्याला ठीक, उडत्याला नाही. एफ/४ वर १.४एक्स चालतो, २एक्स लावाल तर एफ/८ होतं आणि व्ह्यूफाइंडरमधून ऑटोफोकस बंद. ५५-२५० वर यातला कुठलाच लावू नका, ईएफ-एस (लहान सेन्सरसाठीच्या) लेन्सला तो बसतच नाही.

---

रंगीत तालीम

नाटकाच्या सेटिंगचं थोडं. लेन्स बदलली आणि सवयी त्याच राहिल्या तर निम्मे पैसे फुकट.

एक्स्पोजर एम मोडवर. काळा पडदा आणि एकच झोत असला की ऑटो मीटर पडदा बघतो आणि चेहरा पांढराफटक करतो. १५००डी ला स्पॉट मीटरिंग नाही, पार्शल आहे, चौकटीच्या मधला साधारण दहा टक्के भाग मोजतं. ते लावा, मुख्य पात्राच्या चेहऱ्यावर एकदा मोजा आणि तिथेच ठेवा. प्रकाशयोजना बदलली की फक्त शटर दोन-तीन खटके इकडे-तिकडे.

फोकस मागच्या बटणावर न्या. कस्टम फंक्शनमध्ये शटर आणि एई लॉक (एक्स्पोजर अडकवून ठेवणारं बटण) यांची अदलाबदल करायची सोय आहे; मग तारका असलेलं बटण फोकस करतं आणि शटर फक्त फोटो मारतं. पात्र जागेवर असेल तर अंगठा उचला. समोरून दुसरं कोणी गेलं तरी फोकस हलत नाही. चालत्या पात्राला आणि कबड्डीला एआय सर्वो, म्हणजे हलत्या माणसाचा सतत पाठलाग करणारा फोकस.

एएफ-असिस्ट बीम बंद. या कॅमेऱ्यात त्याचं काम वर आलेला फ्लॅश करतो, लखलखाट करून. काळोखातल्या प्रवेशात तो एकदा उडाला की पुढच्या प्रयोगाला तुम्हाला कोणी आत घेणार नाही. मागच्या स्क्रीनवरची आपोआप झळकणारी प्रतिमाही बंद.

एफ/२.८ आयएस २ वर फोकसची मर्यादा ठरवणारा खटका आहे, तो २.५ मीटर ते अनंत वर ठेवा. नाहीतर अंधारात फोकस चुकला की लेन्स जवळच्या टोकापर्यंत जाऊन परत येते, तोवर संवाद संपलेला.

हॉलमधली कबड्डी आणि एलईडीवाली नाटकं यांत आणखी एक पीडा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला शंभरदा मिणमिणतात. १/१०० ला समजत नाही, १/६४० ला एक फ्रेम उजळ, पुढची काळपट, तिसरी अर्धी पिवळी. मोठ्या कॅमेऱ्यांत याला तोड असते, १५००डी मध्ये नाही. एकाच क्षणाच्या दोन-तीन फ्रेम मारून बरी निवडणं एवढंच हाती. रंगमंचावरच्या स्वस्त एलईडी पार दिव्यांनी चेहऱ्यावर आडवे पट्टे आले तर शटर १/१०० कडे न्या. पट्ट्यांपेक्षा थोडी हालचाल परवडली.

शक्य तेव्हा प्रयोगाऐवजी रंगीत तालमीला जा. दिवे तेच, कपडे तेच, रांग हवी ती, शटरच्या आवाजाला कोणी मागे वळून बघत नाही. तिसऱ्या आणि आठव्या रांगेचा मॅटबाहेर यांनी मांडलेला प्रश्नही तिथे मिटतो.

---

विंगेतून

बरंच स्पष्ट झालं. एफ/२.८ वापरलेली किंवा टॅमरॉन जी२, जी फोकस चाचणीत उतरेल ती. फ्लेमिंगोला भाड्याने. ८५ पुढच्या मोसमात. आता दोनच शंका: पावसाळ्यात ती ठेवायची कशी? आणि दहीहंडीला पावसात न्यावी का, एल लेन्स पाण्याला भीत नाही म्हणतात.

---

बोराबझार फेरी

लेन्स भीत नाही, कॅमेरा भितो. एफ/२.८ आयएस २ च्या माउंटला रबराची कड आहे, पण १५००डी ला कुठेच सील नाही. पाणी बटणांतून शिरणार. रेनकव्हर घाला, फिल्टर लावा आणि हूड कायम ठेवा. फिल्टर चांगला घ्या, दोनशे रुपयांची काच २०० मिमीला लगेच चुगली करते. ७७ मिमीचा, दोन्ही लेन्सना चालतो.

ठेवायचं म्हणाल तर कॅमेऱ्याच्या बॅगेत आणि लाकडी कपाटात अजिबात नको, कापड ओल धरतं. ड्राय कॅबिनेट असेल तर ४० ते ५० टक्के आर्द्रता. नसेल तर रबरी कडेचा हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. अगदी ३० च्या खालीही नेऊ नका. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तास-दोन तास तापवून परत वापरा. निळी जेल असेल तर तिच्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका. आणि लेन्स आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून वापरा, झूम-फोकस फिरवा.

एसी नाट्यगृहातून जुलैच्या रात्री बाहेर पडताना कॅमेरा बॅगेत घालून चेन बंद करा आणि घरी पोचल्यावरही अर्धा तास उघडू नका. गार काच दमट हवेत आली की तिच्यावर दंव धरतं, आतल्या भिंगांवरसुद्धा. बुरशीची सुरुवात बऱ्याचदा तिथूनच होते.

---

मॅटबाहेर

८५ पुढच्या मोसमात घेणार असाल तर तोवर कबड्डीला कोपऱ्यातली जागा धरून ठेवा. आयोजकांना आधी सांगा, अंतिम रेषेमागे राखीव खेळाडूंची बाकं नसतात त्या कोपऱ्यात खाली बसायचं. आणि मोनोपॉड तिथे उघडू नका. खेळाडू घसरत मॅटच्या बाहेर येतात, त्यांच्या वाटेत काठी नको.